प्लाझ्मातील प्रथिनाचे प्रमाण : मास स्पेक्ट्रोमीटरचा आकडा नेमके काय सांगतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. परळच्या एका रुग्णालयातून २० रुग्णांच्या रक्ताचे नमुने तुम्हाला मिळाले, २० निरोगी व्यक्तींचे रक्त तुमच्याच प्रयोगशाळेत घेतले गेले, आणि या सगळ्यांचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणारा द्रव, पवईच्या प्रयोगशाळेत नेऊन लेबल-फ्री पद्धतीने (रासायनिक खूण न जोडता) मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे वस्तुमानावरून रेणू ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर, चालवला गेला. सॉफ्टवेअरच्या तक्त्यात पेरॉक्सिरेडॉक्सिन-२ हे प्रथिन रुग्णांमध्ये २.३ पट दिसते, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रतिपिंडाने प्रथिनाची पट्टी उजळवणाऱ्या पद्धतीत) मात्र तसा फरक दिसत नाही. तुमच्या गाइडना हे प्रमाण नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये हवे आहे. दोहोंपैकी कशावर विश्वास ठेवायचा, आणि तक्त्यातल्या तीव्रतेवरून (यंत्राने नोंदवलेल्या संकेताच्या मापावरून) नॅनोग्रॅम कसे काढायचे, असे तुम्ही विचारता.

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ते सरळ आहे. तुमच्या हातातल्या तक्त्यावरून नॅनोग्रॅम काढता येणार नाहीत, आणि कोणी काढून दिले तरी ते स्वीकारू नका. पहिल्या भागाचे उत्तर लांबणार आहे, कारण २.३ हा आकडा यंत्राने अगदी बरोबर मोजलेला असूनही त्याचा तुमच्या रुग्णांच्या आजाराशी काहीही संबंध नसणे पूर्णपणे शक्य आहे. पेरॉक्सिरेडॉक्सिन-२ हे नाव वाचताच माझ्या मनात पहिली शंका आली ती रक्त कसे घेतले गेले याविषयीची. तिचे निरसन होईपर्यंत पुढचा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी संकेत आणि प्रमाण यांतला फरक पाहू. यंत्रात जे शिरते ते अखंड प्रथिन नसते. लायसिन किंवा आर्जिनिन या अमिनो आम्लांनंतर कापणाऱ्या ट्रिप्सिन या विकराने प्रथिनांचे लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइड, केलेले असतात. हे पेप्टाइड सी-१८ (कार्बन-साखळ्या लावलेले कण) भरलेल्या, सुमारे ७५ मायक्रोमीटर अंतर्व्यासाच्या कॉलममधून मिनिटाला ३०० नॅनोलिटरच्या आसपासच्या वेगाने, ॲसिटोनायट्रिल या द्रावकाचे प्रमाण हळूहळू वाढवत बाहेर काढले जातात, सुईच्या टोकाशी विद्युत दाबामुळे त्यांचे आयन (विद्युतभारित रेणू) होतात आणि त्या आयनांचा संकेत यंत्र नोंदवते. या वाटेवर प्रत्येक पेप्टाइडचे वागणे वेगळे असते. प्रथिनाच्या एका रेणूतून प्रत्येक पेप्टाइड एकेकच निघत असला, तरी त्यांच्या संकेतांत शंभर पटींची तफावत सहज आढळते, कारण कोणाचे आयन सुलभतेने होतात, कोणी प्लास्टिकच्या नळीला चिकटून राहतो, तर कोणी कॉलममध्ये शिरल्या शिरल्या वाहून जातो. शिवाय त्याच क्षणी कॉलममधून दुसरे मुबलक पेप्टाइड बाहेर पडत असतील, तर ते आपल्या पेप्टाइडचा संकेत दाबून टाकतात. म्हणून दोन वेगवेगळ्या पेप्टाइडांच्या तीव्रतेची तुलना करून कोणते जास्त आहे हे ठरवता येत नाही. एकाच पेप्टाइडची दोन नमुन्यांमधील तुलना मात्र करता येते. तिलाही एक अट आहे: दोन्ही नमुन्यांच्या बाबतीत सुईपर्यंतची सारी वाट सारखी असली पाहिजे. लेबल-फ्री मोजमापाची सगळी इमारत या एका अटीवर उभी आहे, आणि तुमच्या प्रयोगात ही अट पहिल्याच पायरीवर मोडलेली असण्याची शक्यता मला दिसते.

ती अशी. पेरॉक्सिरेडॉक्सिन-२ हे तांबड्या रक्तपेशींमध्ये अतिशय मुबलक असणारे प्रथिन आहे. हिमोग्लोबिन आणि कार्बोनिक अनहायड्रेज यांच्या खालोखाल त्याचा क्रम लावला जातो. प्लाझ्मा वेगळा होण्याआधी थोड्याशा तांबड्या पेशी जरी फुटल्या, तरी हे प्रथिन प्लाझ्मात उतरते आणि त्याची पातळी वाढलेली दिसते. आता तुमच्या नमुन्यांचा प्रवास पाहा. निरोगी व्यक्तींचे रक्त तुमच्याच प्रयोगशाळेत घेतले गेले, म्हणजे ते अर्ध्या-पाऊण तासात सेंट्रिफ्यूजमध्ये गेले असणार. रुग्णांचे रक्त वॉर्डात सकाळच्या फेरीत घेतले गेले, इतर तपासण्यांच्या नळ्यांबरोबर ट्रेमध्ये थांबले आणि दुपारी तुमच्यापर्यंत पोहोचले असणार. मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या वॉर्डाच्या कोपऱ्यात ती नळी कोणत्या तापमानाला होती, ती नेताना किती हिंदकळली, शीर सापडत नसलेल्या रुग्णाचे रक्त बारीक सुईने किती जोरात ओढले गेले, याची नोंद तुमच्याकडे आहे का? नसेल, तर रुग्ण आणि निरोगी या दोन गटांत आजाराचा जसा फरक आहे तसाच हाताळणीचाही फरक आहे, आणि कोणतेही संख्याशास्त्र या दोहोंना नंतर वेगळे करू शकत नाही.

सुदैवाने याचा तपास तुमच्या सध्याच्या माहितीतूनच करता येतो. तक्त्यात हिमोग्लोबिनच्या अल्फा व बीटा साखळ्या, कार्बोनिक अनहायड्रेज-१ आणि कॅटालेज शोधा. चाळीसही नमुन्यांसाठी आडव्या अक्षावर हिमोग्लोबिन-बीटाची आणि उभ्या अक्षावर पेरॉक्सिरेडॉक्सिन-२ची तीव्रता, दोन्ही लॉग स्वरूपात, मांडा. बिंदू एका तिरक्या रेषेवर ओळीने बसले आणि रुग्णांचे बिंदू त्याच रेषेच्या वरच्या टोकाला जमले, तर तुम्ही फुटलेल्या तांबड्या पेशी मोजल्या आहेत. रुग्णांचे बिंदू त्या रेषेपासून वेगळे होऊन वर उचललेले दिसले, तर मात्र पुढे जायला जागा आहे. याच्या जोडीला, उरलेल्या प्लाझ्माचे ४१४ नॅनोमीटरला शोषण मोजा. हिमोग्लोबिन तिथे प्रखरतेने शोषते, आणि डोळ्यांना गुलाबी न दिसणारा नमुनाही तिथे आपली कहाणी सांगतो. फुटलेल्या प्लेटलेटांच्या खुणेसाठी प्लेटलेट फॅक्टर-४ पाहा. एखाद्या नमुन्यात फायब्रिनोजेन (रक्त गोठताना खर्च होणारे प्रथिन) विलक्षण कमी दिसले, तर जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत रक्त नीट न मिसळल्याने ते थोडेफार गोठले होते का, किंवा चुकून सीरमची (रक्त गोठू देण्याची) नळी आली होती का, याची चौकशी करा.

प्लाझ्मा हा मोजणीच्या दृष्टीने सर्वांत अवघड नमुन्यांपैकी एक का मानला जातो, हेही इथे सांगणे आवश्यक आहे. त्यात ॲल्ब्युमिन मिलिलिटरला सुमारे ४० मिलिग्रॅम असते, तर इंटरल्यूकिन-६ हे दाहाचे संदेशवाहक प्रथिन निरोगी माणसात मिलिलिटरला मोजके पिकोग्रॅम असते, म्हणजे एकाच थेंबात दहा अब्ज पटींची तफावत. प्लाझ्मातील प्रथिनांच्या एकूण वजनापैकी जवळपास ९९ टक्के वजन अवघ्या वीस-बावीस प्रथिनांचे असते, आणि बाकीची हजारो प्रथिने उरलेल्या एका टक्क्यात दाटीवाटीने बसलेली असतात. म्हणून अनेक जण ॲल्ब्युमिन आणि इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडे) आधी काढून टाकतात. शोधमोहिमेसाठी हे ठीक आहे. प्रमाण मोजायचे असेल तर मी हे शक्य तो टाळतो, कारण ॲल्ब्युमिनला चिकटलेली इतर प्रथिनेही त्याच्याबरोबर जातात आणि किती गेली हे दर नमुन्याला बदलते. मिलिलिटरला मायक्रोग्रॅमच्या वर असलेल्या प्रथिनांसाठी आजच्या यंत्रांना अशा काढणीची गरज सहसा पडत नाही.

नमुन्याच्या तयारीतल्या बहुतेक पायऱ्या तुम्हाला माहीत आहेत, म्हणून फक्त जिथे मोजणी बिघडते त्या जागा सांगतो. एकूण प्रथिन बीसीए या रंगावरून मोजण्याच्या पद्धतीने मोजत असाल, तर डीटीटी हे क्षपणकारी द्रव्य घालण्यापूर्वी मोजा, कारण क्षपणकारी द्रव्ये त्या रंगक्रियेत थेट ढवळाढवळ करतात. प्रथिने उलगडणाऱ्या युरियाचे द्रावण त्याच दिवशी बनवा आणि ३७ अंशांच्या वर तापवू नका. युरियातून हळूहळू सायनेट तयार होते, ते लायसिनला चिकटून त्याचे वस्तुमान ४३ डाल्टनने (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) वाढवते, आणि असे झाकलेले लायसिन ट्रिप्सिनला ओळखू येत नाही. उन्हाळ्यात बाकावर दोन दिवस राहिलेली युरियाची बाटली वापरल्याने एखाद्या पेप्टाइडचे प्रमाण खरोखर घटलेले दिसू शकते. ट्रिप्सिन प्रथिनाच्या एक-पन्नासांश वजनाने, रात्रभर, ३७ अंशांना हा प्रघात चांगला आहे. मात्र तो तुमच्या पेप्टाइडसाठी पुरेसा आहे की नाही हे तपासावे लागते, त्याकडे पुढे वळतो. एसडीएस किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल असलेले डिटर्जंट शेवटपर्यंत शिल्लक राहिले, तर आयनांचा संकेत दबतो. ४४ डाल्टनच्या अंतराने उभ्या राहिलेल्या शिखरांची रांग दिसली की दोषी पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे कळते.

आता २.३ हा आकडा कशाचा बनलेला आहे ते उघडून पाहा. सॉफ्टवेअर प्रथिनाच्या नावापुढे एकच संख्या लिहिते, पण तिच्यामागे काही पेप्टाइड असतात. किती आहेत? पेरॉक्सिरेडॉक्सिन-१ आणि २ यांची रचना बरीच सारखी असल्याने दोघांत समान असलेले पेप्टाइड मोजणीत धरले गेले आहेत का? केवळ पेरॉक्सिरेडॉक्सिन-२चे म्हणता येतील असे पेप्टाइड वेगळे काढा आणि प्रत्येकाचे गुणोत्तर स्वतंत्रपणे पाहा. चार पेप्टाइडांपैकी तीन १.२ पट आणि एक ९ पट असेल, तर सरासरी काढून विषय मिटवू नका. त्या एकाचा क्रोमॅटोग्राम (कॉलममधून बाहेर पडतानाचा संकेताचा आलेख) उघडा. या प्रथिनाच्या बाबतीत सिस्टीन असलेल्या पेप्टाइडांवर मी भिस्त ठेवत नाही. त्याच्या क्रियाशील जागेवरचे सिस्टीन सहज ऑक्सिडाइझ होते, आणि मग प्रथिन तेवढेच असूनही आयोडोॲसिटामाइड या रसायनाने झाकलेल्या पेप्टाइडचा संकेत कमी-जास्त होतो.

यानंतर रिकाम्या जागांकडे या. लेबल-फ्री मोजणीत जे पेप्टाइड सापडले नाहीत त्यांच्या जागी सॉफ्टवेअर बहुधा एखादी लहान संख्या भरते. तुमच्या निरोगी गटात किती नमुन्यांत हे प्रथिन प्रत्यक्ष दिसले आणि किती ठिकाणी भरलेली संख्या आहे? निम्म्याहून अधिक संख्या भरलेल्या असतील, तर २.३ हे गुणोत्तर बऱ्याच अंशी सॉफ्टवेअरच्या गृहीतकाचे आहे. नॉर्मलायझेशनचेही असेच आहे. एकूण तीव्रता सगळ्या नमुन्यांत सारखी मानून आकडे ताणले किंवा आवळले जातात, पण रुग्णांचे ॲल्ब्युमिन घटलेले असेल, आणि आजारपणात ते बरेचदा घटते, तर बाकीची सगळी प्रथिने उगाचच थोडी वर सरकतात. आणि नमुने कोणत्या क्रमाने चालवले हे पवईच्या मंडळींना विचारा. आधी वीस निरोगी आणि मग वीस रुग्ण असा क्रम असेल, तर कॉलमचे जुने होणे आणि सुईवर थर साचणे हेही तुमच्या गुणोत्तरात मिसळले आहे. सर्व नमुन्यांचे थोडे थोडे अंश एकत्र करून बनवलेला एक नमुना दर आठ-दहा नमुन्यांमागे चालवलेला असेल, तर त्यावरून हा सरकता कल दिसतो. तसा नमुना चालवला नसेल, तर पुढच्या वेळी तो आधी मागा आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा.

वेस्टर्न ब्लॉटला मात्र तुम्ही न्यायाधीश करू नका. रासायनिक प्रकाशावर आधारित पट्टी फार लवकर संपृक्त होते, आणि दुपटीचा फरक तिथे सहज दडपला जातो. प्लाझ्मासाठी ॲक्टिन हे पेशींतले प्रथिन लोडिंग कंट्रोल (सगळे नमुने सारखे भरले का ते दाखवणारी पट्टी) होऊ शकत नाही. शिवाय पेरॉक्सिरेडॉक्सिन-२ दोन-दोनांच्या जोडीत राहते. क्षपण अपुरे झाले तर त्याचा काही भाग २२ किलोडाल्टनऐवजी ४४च्या आसपास दिसतो, आणि केवळ खालची पट्टी मोजणारा माणूस तो भाग हिशेबाबाहेर ठेवतो. दोन पद्धतींचे जमत नाही याचा अर्थ इतकाच की दोन्हींची तपासणी बाकी आहे.

टीएमटीसारख्या रासायनिक लेबलांविषयी (नमुन्यांना वेगवेगळ्या खुणा जोडून ते एकत्र मोजण्याविषयी) तुम्ही विचारलेले नाही, पण कोणीतरी सुचवेलच, म्हणून एवढेच सांगतो की एका वेळी अनेक नमुने एकत्र मोजता येत असल्याने रिकाम्या जागा कमी होतात, मात्र शेजारच्या पेप्टाइडांच्या भेसळीमुळे गुणोत्तरे एककडे दबतात, म्हणजे खरा फरक चौपट असेल तर तो अडीच पट दिसू शकतो. सायलॅक, म्हणजे जिवंत पेशींना जड अमिनो आम्ले खाऊ घालण्याची पद्धत, २००२ पासून पेशींच्या संवर्धनासाठी उत्तम ठरली आहे. रुग्णाच्या रक्ताला ती लागू पडत नाही. नव्याने शोधमोहीम करायची वेळ आली, तर ठरावीक वस्तुमान-खिडकीतले सगळे आयन तोडणारी डीआयए पद्धत मी निवडेन. प्रथिनाचे किती स्पेक्ट्रम (पेप्टाइड फोडल्यावरचे आलेख) मिळाले ते मोजून प्रमाण सांगण्याची जुनी पद्धत आता नव्या कामासाठी वापरू नये.

नॅनोग्रॅम हवे असतील तर मार्ग वेगळा आहे: मोजायच्या पेप्टाइडचाच जड जुळा भाऊ ज्ञात प्रमाणात नमुन्यात घालायचा. हा जड पेप्टाइड रासायनिक दृष्ट्या अगदी तोच असतो, फक्त त्याच्या शेवटच्या लायसिनमध्ये सहा कार्बन-१३ आणि दोन नायट्रोजन-१५ हे जड अणू असल्याने तो ८.०१४ डाल्टनने जड असतो. शेवटी आर्जिनिन असेल तर फरक १०.००८ डाल्टनचा. तो त्याच क्षणी कॉलममधून बाहेर पडतो, त्याच प्रकारे आयन होतो, त्याचा संकेत त्याच कारणांनी दबतो. त्यामुळे हलक्या (नमुन्यातल्या मूळ) व जड संकेतांचे गुणोत्तर हे थेट त्यांच्या प्रमाणांचे गुणोत्तर असते. वर सांगितलेल्या सगळ्या बेभरवशाच्या गोष्टी अंश आणि छेद दोन्हींत सारख्याच येतात आणि कटून जातात.

पेरॉक्सिरेडॉक्सिनवर जाण्याआधी ही पद्धत सीआरपी या दाहात वाढणाऱ्या प्रथिनावर घासून घ्या, असा माझा आग्रह आहे. सीआरपी मुंबईतल्या कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मोजून मिळते, त्यासाठी प्रमाणित संदर्भ द्रव्यही उपलब्ध आहे, म्हणून तुमच्या आकड्याचा ताळा घेता येतो. सीआरपीचा एक नेहमी वापरला जाणारा पेप्टाइड दहा अमिनो आम्लांचा आहे. एकाक्षरी खुणांत त्याचा क्रम ई-एस-डी-टी-एस-वाय-व्ही-एस-एल-के असा येतो. त्यात मेथिओनिन नाही, सिस्टीन नाही, आणि तो सीरम ॲमिलॉइड-पी या नातलग प्रथिनात सापडत नाही. दोन भार घेतलेल्या त्याच्या हलक्या आयनाचे वस्तुमान-भार गुणोत्तर ५६४.७७ आणि जड आयनाचे ५६८.७८ येते. तो फोडल्यावर शेवटच्या टोकाकडील पाच, सहा आणि सात अमिनो आम्लांचे वाय-५, वाय-६ आणि वाय-७ हे तुकडे हलक्या रूपात ६०९.३६, ६९६.३९ आणि ७९७.४४ला दिसतात, जड रूपात प्रत्येक ८.०१ने पुढे.

आता समजा, १ मायक्रोलिटर प्लाझ्माच्या (ट्रिप्सिनने केलेल्या) पचनात तुम्ही १०० फेम्टोमोल (एक फेम्टोमोल म्हणजे १० चा उणे १५वा घात इतके मोल) जड पेप्टाइड घातला आणि हलक्या-जडाचे गुणोत्तर २.६ आले. म्हणजे त्या मायक्रोलिटरमध्ये २६० फेम्टोमोल सीआरपी आहे. सीआरपीच्या एका उपघटकाचे वस्तुमान सुमारे २३,००० डाल्टन. २६० फेम्टोमोलला त्याने गुणले की ५.९८ नॅनोग्रॅम, म्हणजे लिटरला जवळपास ६ मिलिग्रॅम. सीआरपी रक्तात पाच उपघटकांच्या कड्याच्या रूपात असते, पण पेप्टाइड प्रत्येक उपघटकातून एक निघतो, म्हणून मोल मोजताना उपघटक मोजले आहेत हे लिहायला विसरू नका. यंत्रावर प्रत्यक्ष किती जाते तेही पाहा. मायक्रोलिटरभर प्लाझ्मात सुमारे ७० मायक्रोग्रॅम प्रथिन असते आणि नॅनो कॉलमवर आपण १ मायक्रोग्रॅमच्या आसपास चढवतो, म्हणजे प्रत्यक्षात ३.७ फेम्टोमोल हलका आणि १.४ फेम्टोमोल जड पेप्टाइड मोजला जातो. चांगल्या ट्रिपल क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटरला एवढे पुरते. हाच हिशेब इंटरल्यूकिन-६साठी केला तर मायक्रोलिटरमध्ये एका ॲटोमोलचाही (फेम्टोमोलच्या हजाराव्या भागाचाही) जेमतेम पाचवा भाग हाती येतो, आणि म्हणून तिथे प्रतिपिंडाने आधी वेचून घेतल्याशिवाय ही पद्धत चालत नाही.

हिशेब सोपा आहे. इथेच ग्यानबाची मेख आहे. जड पेप्टाइड कॉलम आणि आयनीकरणातला फरक कापून टाकतो, पण तो आधीच कापलेला असल्याने ट्रिप्सिनच्या अपुऱ्या कामाची भरपाई करत नाही. वरचा पेप्टाइडच घ्या. त्याच्या सुरुवातीच्या छेदाच्या लगेच पुढे ग्लुटामिक आम्ल आणि एक सोडून ॲस्पार्टिक आम्ल आहे. अशा आम्लधर्मी शेजाऱ्यांमुळे ट्रिप्सिनचे काम मंदावते. म्हणून एकाच प्लाझ्माचे पचन १, २, ४, ८ आणि १६ तासांना थांबवून गुणोत्तर मांडा. आलेख सपाट झाला, तर त्यानंतरची कोणतीही वेळ चालेल. तो शेवटपर्यंत चढतच राहिला, तर तुमचा आकडा कमी येतो आहे. दुसरा ताळा त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या पेप्टाइडने घ्या. सीआरपीत जी-वाय-एस-आय-एफ-एस-वाय-ए-टी-के हा पेप्टाइड आहे, पण त्याच्या शेवटच्या लायसिननंतर लगेच आर्जिनिन येते, आणि ट्रिप्सिन काही वेळा लायसिनऐवजी त्या आर्जिनिननंतर कापते. हे दुसरे रूपही मोजले नाही तर पहिला पेप्टाइड ६ आणि हा ४ मिलिग्रॅम दाखवेल, आणि दोहोंची सरासरी ५ ही कशाचीच नसेल. पचनातली ही त्रुटी खऱ्या अर्थाने भरून काढायची असेल, तर संपूर्ण प्रथिनच जड स्वरूपात मिळवून प्लाझ्मात अगदी सुरुवातीला घालावे लागते. ते महाग पडते. पण मानक (ज्ञात प्रमाणातला जड जोडीदार) जितके आधी घालाल तितका आकडा खरा, हे सूत्र पैशांअभावी अर्धेच पाळता आले तरी त्याची जाणीव लिखाणात दिसली पाहिजे.

जड पेप्टाइड विकत घेतानाही काळजी हवी. वजनावरून सांगितलेल्या प्रमाणात पाणी आणि क्षार धरलेले असतात, म्हणून अमिनो आम्लांच्या विश्लेषणाने प्रमाण ठरवलेला पेप्टाइडच मागवा. आपल्याकडे याला आणखी एक जोड आहे. उणे ८० अंशांतून काढलेली सुक्या पेप्टाइडची कुपी मुंबईच्या पावसाळ्यात लगेच उघडली, तर हवेतला दमटपणा आत गोठून बसतो; कुपी बंद ठेवूनच डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग उघडा. एकदा विरघळवल्यावर छोटे भाग करा, कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरा आणि अतिविरळ द्रावण साध्या पाण्यात साठवू नका, कारण काही फेम्टोमोल असलेला पेप्टाइड नळीच्या भिंतीवरच संपून जातो.

क्रोमॅटोग्राम डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. हलका आणि जड पेप्टाइड एकाच क्षणी, एकाच आकाराच्या शिखराने बाहेर पडले पाहिजेत, आणि वाय-५, वाय-६, वाय-७ यांचे आपापसातले प्रमाण दोन्हींत सारखे असले पाहिजे. जडात वाय-७ सर्वांत उंच आणि हलक्यात मात्र वाय-५ सर्वांत उंच दिसत असेल, तर हलक्याच्या वाय-५मध्ये दुसऱ्या कोणाचा तरी तुकडा मिसळला आहे. तो तुकडा सगळ्याच नमुन्यांतून वगळा, फक्त गैरसोयीच्या नमुन्यातून नव्हे. कॅलिब्रेशनसाठी माणसाचा प्लाझ्मा वापरला तर त्यात सीआरपी आधीच असते, म्हणून हलका पेप्टाइड आहे तसा ठेवून जडाचे प्रमाण बदलत न्या आणि उलटी रेषा काढा. सर्वांत खालच्या पातळीला, निरनिराळ्या दिवशी केलेल्या पुनरावृत्तींत बदलांक (सरासरीच्या तुलनेत आकड्यांची पसरण) २० टक्क्यांच्या आत राहिला, तरच ती पातळी मोजण्यायोग्य म्हणा.

तुमच्या कामापुरते सांगायचे तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात हिमोग्लोबिनचा आलेख आणि ४१४ नॅनोमीटरचे शोषण करा. पेरॉक्सिरेडॉक्सिन-२ हिमोग्लोबिनच्या मागोमाग चालत असेल, तर जड पेप्टाइड मागवण्याऐवजी गाइडना तो आलेख दाखवा आणि रुग्ण व निरोगी, दोघांचेही रक्त एकाच वॉर्डात, एकाच प्रकारच्या नळीत घेऊन, ठरलेल्या वेळेत सेंट्रिफ्यूज करण्याची व्यवस्था रुग्णालयाशी बोलून ठरवा. प्लाझ्मा वेगळा करून गोठवल्यानंतरच तो सुक्या बर्फात पवईला न्या. आलेखातून रुग्ण खरोखर वेगळे पडले, तर सिस्टीन नसलेले दोन विशिष्ट पेप्टाइड निवडा, त्यांचे जड जोडीदार मागवा, आणि ते येईपर्यंत सीआरपीवर सराव करून आकडा पॅथॉलॉजी लॅबच्या अहवालाशी जुळतो का ते पाहा. शेवटी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहाल तेव्हा त्याच्यासोबत पेप्टाइड कोणते, मानक कोणत्या पायरीवर घातले, पचन सपाट झाले होते का आणि पुनरावृत्तींतला बदलांक किती, हे चारही लिहा. आणि उरलेल्या रुग्णनमुन्यांच्या नळ्या ४१४ नॅनोमीटरच्या शोषणाखेरीज तोवर वितळवू नका. ज्यांचे छोटे भाग केलेले नाहीत, त्यांचे भाग पुढच्या वेळी वितळवाल त्याच दिवशी करून ठेवा.